हा 'मी' कुणाचा?

साबणाच्या कारखान्याच्या गेटवर एक उंच, धडधाकट तरुण उभा होता. कानांवर भलाथोरला हेडफोन, हातात मोबाइल, खांद्याला पिशवी, आणि तो रखवालदाराला अगदी कळवळून सांगत होता, "हे पाहा, माझं वय एकाहत्तर आहे. माझे गुडघे कामातून गेलेत. मला असं ताटकळत ठेवू नका."

रखवालदारानं त्याच्या गुडघ्यांकडे पाहिलं. मग चेहऱ्याकडे पाहिलं. मग पुन्हा गुडघ्यांकडे.

"आणि मला तीन नातवंडं आहेत," तरुण म्हणाला.

नेमकी त्याच वेळी ऑफिसातली मुलगी छत्री मिटत गेटपाशी आली. कारखान्याची सगळी पत्रं ती लिहायची, त्यामुळे कुठलाही गुंता झाला की लोक तिच्याकडेच बोट दाखवत. रखवालदारानंही दाखवलं. मग तेच बोट हळूच स्वतःच्या डोक्याजवळ नेऊन गोल फिरवलं.

"आपण कोण?" तिनं जरा लांबूनच विचारलं.

"मी इंजिनियर. साबणाला कागद गुंडाळायचं तुमचं नवीन मशीन मीच बनवलंय." एवढं बोलून त्यानं हेडफोन खाली गळ्यात घेतला, आणि त्याचा आवाजच बदलला. एकदम मऊ झाला, थोडा चाचरायला लागला. "माफ करा... मी इंजिनियर नाही. मी त्यांचा दुभाष्या. ते तिकडे त्यांच्या घरी बसलेत. ते इंग्रजीत बोलतात, मी ते आपल्या भाषेत सांगतो."

"मग 'ते म्हणतात' असं म्हणा ना!"

"तसं म्हणायचं नसतं. आमच्या धंद्याचा नियमच आहे. ते 'मी' म्हणाले की मीसुद्धा 'मी' म्हणायचं. बोलताना मी मध्ये नसतोच."

"नसता?" तिनं त्याला नखशिखान्त न्याहाळलं. केसांतून पावसाचं पाणी गळत होतं आणि ते पुसायचंही त्याच्या लक्षात नव्हतं. "चांगले दिसताय की!"

म्हणून गेली आणि जीभ चावली. "म्हणजे... दिसताय, असं म्हणायचं होतं मला. डोळ्यांना."

"कळलं," तो म्हणाला, आणि कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला. रखवालदारानं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं आणि गेट उघडलं. दोन वेडे एकमेकांना भेटले, आता आपण कशाला मध्ये, असा त्याचा हिशेब असावा.

आता हिची गोष्ट अशी, की हिला घरी टपाल म्हणत. कारण तिच्या आईबाबांचा अबोला होता. कशावरून झाला, हे दोघंही विसरले होते. बाबा म्हणत पंख्यावरून, आई म्हणे खिडकीवरून, आणि हेही ते तिच्यामार्फतच म्हणत.

"विचार तुझ्या बाबांना, गोळी घेतली का."

बाबा तिथेच, हातभर अंतरावर, पेपर वाचत बसलेले. तरी ती विचारायची, "बाबा, आई विचारतेय की तुम्ही गोळी घेतली का."

"सांग तिला, घेतली."

"घेतली म्हणतात."

"विचार, पाण्याबरोबर की चहाबरोबर."

बाबा इंग्रजीचे मास्तर होते. शाळा सुटली तरी व्याकरण सुटलं नव्हतं. बाहेरच्या खोलीत त्यांची शिकवणी चालायची. "डायरेक्ट प्रश्न इनडायरेक्ट करताना काय करायचं?" ते गरजत, आणि पोरं एका सुरात सांगत: प्रश्नचिन्ह पुसायचं, क्रियापदाला एक पाऊल मागे न्यायचं, 'यू'चा 'आय' करायचा, आणि उत्तर हो किंवा नाही असेल तर मध्ये 'इफ' घालायचा. 'आर यू हॅपी?' चं 'ही आस्क्ड मी इफ आय वॉज हॅपी' व्हायचं. टपालनं हे पाळण्यातच ऐकलं होतं. इतरांना शिकायला वर्ष लागायचं, ती ते रोज स्वयंपाकघर आणि दिवाणखान्याच्या मध्ये उभी राहून करत आली होती.

पण यात एक वांधा झाला होता. दुसऱ्यांचे प्रश्न पोचवता पोचवता तिला स्वतःसाठी काही विचारताच येईनासं झालं होतं. दुकानात भाव विचारायचा तरी ती म्हणायची, "आई विचारतेय, हे केवढ्याला?" आणि आई तेव्हा घरी मशीनवर कपडे शिवत बसलेली असायची. कॉलेजात एक मुलगा तिला फार आवडायचा. 'माझी मैत्रीण विचारत होती, तुझं कुठे जमलंय का,' असं तिनं त्याला विचारलं. पुढच्या महिन्यात त्याचं त्या मैत्रिणीशीच जमलं. तेव्हापासून तिनं कानाला खडा लावला: आपण बरं, आपला निरोप बरा.

आणि आता कारखान्यात हे महाशय आले होते, जे दिवसभर 'मी, मी' करत होते आणि त्यातला एकही मी त्यांचा नव्हता.

पहिल्याच सकाळी घोळ झाला. दुभाष्यानं मोबाइलचा कॅमेरा मशीनवरून फिरवला. तिकडे म्हाताऱ्या इंजिनियरानं पाहिलं, काहीतरी बोलला, आणि दुभाष्या फोरमनकाकांना खणखणीत आवाजात म्हणाला, "मला वाटतं, हा पट्टा उलटा बसवलाय. लहान मूलसुद्धा अशी चूक करणार नाही."

फोरमनकाकांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "कालचं पोर! याच्या जन्माच्या आधीपासून मी पट्टे बसवतोय!"

"काका, ते नाही म्हणाले, ते तिकडचे आजोबा म्हणाले," टपालनं समजावलं.

"मग 'मी' कशाला म्हणाला? माझ्या तोंडावर, माझ्या डोळ्यांत बघून म्हणाला! संपलं. आजपासून याच्याशी आपलं बोलणं बंद. पोरी, काय असेल ते तू विचार."

टपालनं कपाळाला हात लावला. घरी एक जोडी होतीच, आता कारखान्यातही लागली. दुभाष्याला भाषा कळत होती, काका त्याच्यापासून दोन पावलांवर उभे होते, तरी प्रत्येक वाक्य तिला वळसा घालूनच जायला लागलं.

"विचार त्या शहाण्याला," काका ओरडले, "याच्या बापानं तरी असं मशीन पाहिलं होतं का!"

"फोरमनसाहेब विचारताहेत की," टपाल म्हणाली, "आपल्याला या प्रकारच्या मशीनचा पूर्वानुभव आहे का."

दुभाष्यानं एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा काकांकडे, आणि मग इंग्रजीत, इमानेइतबारे, काकांचंच वाक्य बापासकट पलीकडे पोचवलं. तिकडचं उत्तर ऐकून तो म्हणाला, "माझे वडील टोप्या शिवायचे. मशीन त्यांनी पाहिलं नाही, पण डोकी पुष्कळ पाहिली. रिकामीही पुष्कळ पाहिली."

काकांना हसू आलं. ते लपवायला ते मशीनच्या मागे जाऊन उगाच एक नट आवळत बसले.

दुपारी पाऊस यायचा. कारखान्याच्या आवारात साबणाचा भुगा सांडलेला असायचा, त्यामुळे पाऊस पडला की सगळ्या आवारात फेस व्हायचा. पांढरा, गुबगुबीत, गंधाळलेला फेस. चहाच्या खोलीच्या खिडकीतून तो पाहत दोघं उभी राहायची.

"एक सांगू?" एकदा तो म्हणाला. हेडफोन गळ्यात होता. "काकांचा प्रश्न तुमच्याकडून आला की इस्त्री होऊन येतो. त्याचा जीवच जातो."

"आणि तुमच्याकडून गेला की?"

"जसाच्या तसा जातो. बापासकट."

"हो, पण त्यात तुम्ही कुठे असता?" ती फणकाऱ्यानं म्हणाली. "दिवसभर मी मी करता. त्यातला एक तरी 'मी' तुमचा असतो का?"

चहात साखर केव्हाच विरघळली होती, तरी तो ढवळत राहिला. "हे मला... कुणी विचारलं नव्हतं अजून."

"मी पण नाही विचारलं... म्हणजे, कुणीही विचारलं असतं की..." ती गोंधळली आणि खिडकीतून फेसाकडे बघत राहिली. आपण चक्क स्वतःच्या मनातला एक प्रश्न विचारला, हे तिच्या चहा संपल्यावर लक्षात आलं.

त्यानंतर मात्र तिच्या डोक्याचा पार भुगा व्हायला लागला.

झालं असं, की तिकडचे आजोबा फार बोलके निघाले. कागद कोपऱ्याला का फाटतो ते सांगता सांगता ते हवापाण्यावर यायचे, जेवणखाणावर यायचे, आणि दुभाष्या सगळं 'मी' म्हणून सांगायचा. तिच्याकडे बघून.

"आज तुमचा आवाज बसलाय. काही गरम घेतलंत का?"

तिनं दचकून वर पाहिलं. "घेतलं... पण, कोण विचारतंय?"

"मी."

"मी म्हणजे कोण मी?"

त्यानं बोटानं कानाकडे खूण केली. हेडफोन कानावर होता. म्हणजे आजोबा. तिचं तोंड एवढंसं झालं, आणि ते का झालं म्हणून ती स्वतःवरच चिडली.

दुसऱ्या दिवशी तर कहरच झाला. कागद न फाटता एक साबण पलीकडे गेला, तिनं टाळी वाजवली, आणि दुभाष्या तिच्याकडे एकटक बघत, अगदी हळू आवाजात म्हणाला, "तुम्ही हसलात ना, की मला फार बरं वाटतं..."

मशीन धडधडत होतं की तिचं काळीज, हे तिला कळेना.

"...माझी धाकटी मुलगी अश्शीच हसते."

"अहो!" ती जवळजवळ ओरडलीच. "हे बघा, आपण एक ठरवू या. हेडफोन कानावर असला की आजोबा. गळ्यात असला की तुम्ही. ठरलं?"

त्यानं हेडफोन गळ्यात घेतला. "ठरलं."

"मग आता बोला. तुम्ही."

त्यानं बोलायला तोंड उघडलं. वर छताकडे पाहिलं, खाली बुटांकडे पाहिलं, आणि म्हणाला, "चहा घेऊ या?"

हे असंच चालू राहिलं. हेडफोन चढला की काळजी, कौतुक, कविता केल्यासारखी वाक्यं. उतरला की 'हो', 'नाही' आणि 'चहा'. सगळा गोडवा आजोबांच्या वाट्याला आणि याच्या वाट्याला चहातलं नुसतं आलं. तिला कळेना, आपण नक्की कुणाच्या प्रेमात पडतोय. आवाज याचा, शब्द त्यांचे. डोळे याचे, प्रश्न त्यांचे. एखाद्या वेळी तिला वाटायचं, यातलं एखादं वाक्य हा मधूनच स्वतःचं घुसडत असेल का? पण त्याला विचारायचं म्हटलं की जीभ टाळ्याला चिकटायची. आणि मशीन दिवसेंदिवस सुधारत होतं. ते नीट चाललं की हा जाणार, हे उघड होतं. तिला तर एकदोनदा वाटलं, आपणच गुपचूप जाऊन तो पट्टा उलटा बसवावा.

शेवटच्या चाचणीच्या आदल्या संध्याकाळी ती घरी येऊन नुसती भिंतीकडे बघत बसली.

"विचार तुझ्या बाबांना, जेवायला बसताय का," आई म्हणाली.

टपाल ढिम्म हलली नाही.

"अगं, विचार ना."

काही नाही. आईनं हातातलं भांडं खाली ठेवलं. ती थेट बाहेरच्या खोलीत गेली. "अहो, हिला झालंय तरी काय?"

"मला काय माहीत? तू आई आहेस ना तिची!" बाबा म्हणाले.

आणि दोघंही जागच्या जागी थिजली. शिकवणीची पोरं पेन्सिली धरून बघत राहिली. बाबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "म्हणजे... तू जेवलीस का?" त्यांनी आईला विचारलं, थेट, आणि आई एकदम लाजली. पदराशी चाळा करत ती म्हणाली, "तुमच्याशिवाय कधी जेवलेय?"

जेवताना बाबांनी टपालला खोदून खोदून विचारलं. तिनं आपल्या नेहमीच्या पद्धतीनं सांगितलं, की एक मैत्रीण आहे, आणि त्या मैत्रिणीला कळत नाहीये की कुणीतरी तिला जे विचारतंय ते नक्की कोण विचारतंय.

बाबा एक घास थांबले. "सांग तुझ्या मैत्रिणीला," ते म्हणाले, "कर्ता सापडत नसेल तर वाक्याकडे टक लावून बसू नये. ज्याचं वाक्य आहे त्याला जाऊन विचारावं."

आईनं मान डोलावली. दोघांनी एकमेकांकडे बघून डोळे बारीक केले, ते टपालला दिसलं. कर्ता त्यांना केव्हाच सापडला होता.

तिनं रात्रभर वाक्य जुळवलं. 'तुम्ही मला जे विचारता, ते तुमचं तुम्ही कधी विचारता का?' सकाळी आरशासमोर दोनदा म्हणून पाहिलं. दोन्ही वेळा शेवटी 'असं आई विचारतेय' आलं.

चाचणीला सगळा कारखाना जमला. बटण दाबलं. पट्टा सरकला, कागद उलगडला, आणि गुलाबी कागदात गुंडाळलेले साबण एकामागोमाग एक, सुळसुळीत, कोपरे शाबूत ठेवून बाहेर पडायला लागले. टाळ्या पडल्या. कुणीतरी शिट्टी मारली. फोरमनकाकांनी मशीनच्या पाठीवर थाप मारली, आणि त्याच हातानं चुकून दुभाष्याच्याही.

टपाल पट्ट्याच्या अल्याड होती, दुभाष्या पल्याड. हेडफोन कानावर. त्यानं तिच्याकडे पाहिलं. मशीनच्या आवाजात ऐकू जावं म्हणून थोडा वाकला.

"माझं इथलं काम आता संपलं," तो म्हणाला. "पण मला तुम्हाला पुन्हा भेटायचंय. भेटाल?"

साबण पुढे सरकत होते. तिला वाटलं, किती गोड म्हातारा आहे! आणि लगेच डोळ्यांत पाणी यायला लागलं, कारण एवढंसं विचारायचं ते या शेजारच्या ठोंब्याला सुचत नव्हतं आणि हजारो मैलांवरच्या आजोबांना सुचत होतं. तिनं स्वतःला सावरलं. कारखान्याच्या वतीनं शोभेल असं हसली.

"त्यांना सांगा, अवश्य. आमचे दरवाजे कायम उघडे आहेत. सहकुटुंब या."

"सहकुटुंब?" त्यानं विचारलं.

"हो. नातवंडांनाही घेऊन या."

त्याचा चेहरा कसनुसा झाला. मग त्यानं सावकाश हेडफोन काढला, वायर गुंडाळली आणि सगळं पिशवीत घातलं. दारापाशी वळून तो म्हणाला, "येतो."

"या," ती म्हणाली. झालं, एवढंच. जुळवलेलं वाक्य घशातच राहिलं.

दुपारी ऑफिसातला फोन वाजला. पलीकडे इंग्रजीत एक कोरडा, खोकणारा आवाज. तिनं तो याआधी कधीच ऐकला नव्हता, तरी पहिल्याच वाक्याला ओळखला. आजोबा!

"मुली, मशीन चाललं का? मला कुणी काही सांगेल का? तुम्ही बटण दाबायच्या आधीच आमच्याकडे वीज गेली. सगळं बंद पडलं. मघापासून इथे अंधारात बसलोय."

"उत्तम चाललं," ती म्हणाली. मग थबकली. "आधी गेली? बटण दाबायच्या आधी?"

"आधी."

"पण मशीन चालू झाल्यावर तर तुम्ही..." आणि तिच्या तोंडून, बाबांची छाती अभिमानानं फुगावी असं बिनचूक वाक्य बाहेर पडलं: "यू आस्क्ड मी इफ आय वुड मीट यू अगेन."

"मी असलं काही विचारलेलं नाही," आजोबा म्हणाले. "आणि विचारलंच असेल, तर कृपा करून माझ्या बायकोच्या कानावर जाऊ देऊ नका." मग ते हसायला लागले, हसता हसता खोकायला लागले. "पण मुली... मग विचारलं कुणी?"

तिनं फोन ठेवला. ठेवला की हातातून पडला, देव जाणे. सहकुटुंब या, नातवंडांना घेऊन या! अरे देवा. तो बिचारा बंद पडलेला हेडफोन कानावर लावून, आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचा 'मी' बोलला, आणि आपण त्याला कारखान्याच्या वतीनं उत्तर दिलं!

ती धावत सुटली. पण सवय मेली जाता जात नाही. गेटकडे जायच्या ऐवजी ती फोरमनकाकांपुढे जाऊन उभी राहिली. "काका... तो आत्ताच्या बसनं जातोय. तुम्ही जाऊन त्याला विचाराल का, की..."

"मी?" काकांनी डोळे वटारले. "माझा अबोला आहे त्याच्याशी!"

"काका, प्लीज..."

काकांनी हात पुसले. तिच्याकडे नीट पाहिलं, आणि त्यांचा आवाज खाली आला. "हे बघ पोरी. मशीन मी लावीन. पट्टा उलटा बसवला होता, तेही वेळ आली तर कबूल करीन. पण हे तुझं तूच विचारायचं. आता बघतेस काय? पळ!"

बस स्टँडवर रिमझिम पाऊस लागला होता. बसच्या दारापाशी रांग होती, आणि रांगेत तो होता. पिशवी खांद्याला, केस ओले. त्याच्या मागे एक म्हातारी आजी, आणि आजीच्या डोक्यावर छत्री धरून तिची सून. टपाल धापा टाकत पोचली.

"तुम्ही?" तो दचकला. "कारखान्यात काही राहिलं का माझं?"

"हो. म्हणजे... कारखान्यानं विचारलंय की..."

ती थांबली. डोळे मिटले, उघडले.

"नाही. कारखान्यानं नाही विचारलं. मी विचारतेय. आजोबांकडे वीज गेली होती. मग मघाशी ते कुणी विचारलं?"

तो इतका लाल झाला की पावसातही दिसलं. "हेडफोन कानावर असला की... धीर येतो मला," तो म्हणाला. "वाटलं, तुम्ही नाही म्हणालात, तर ते आजोबांना म्हणालात असं समजून घेता येईल."

"आणि मी तुम्हाला सहकुटुंब बोलावलं."

"नातवंडांसकट. इथे अजून लग्नाचा पत्ता नाही."

दोघंही हसली, आणि मग एकदम हसायची थांबली. कंडक्टरनं घंटी वाजवली. रांग एक पाऊल सरकली. हा जाणार, आत्ता, या क्षणी जाणार, आणि आपण पुन्हा घरी जाऊन कुणाचा तरी निरोप कुणाला तरी देत बसणार. पण या वेळी तिनं कुणाचंही नाव पुढे केलं नाही.

"तुम्ही परत याल?" ती म्हणाली. "मशीन बिघडलं म्हणून नाही. माझ्यासाठी. मला तुम्ही आवडता. हेडफोन उतरवल्यावर जे फक्त चहा म्हणतात ना, ते. याल?"

दोन भाषा खडाखडा बोलणारा तो माणूस चाचरायला लागला.

"त्याचं... त्याचं म्हणणं असं आहे की..."

"कुणाचं?"

"त्या दुभाष्याचं. त्याला पहिल्या दिवशी गेटवरच असं वाटलं होतं की... की ही जी मुलगी आहे, ती जर..."

"मला इथे दुभाष्या नकोय हो!" ती रडवेली होऊन म्हणाली.

त्यानं खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. रिकाम्या हातांचं काय करावं ते त्याला कळेना. "येईन," तो म्हणाला. "मी येईन. मला तुम्ही... फार. म्हणजे मलाच. मी."

वाक्य म्हणून ते पार मोडकं होतं. बाबांनी त्याला शून्य मार्क दिले असते. टपालला मात्र ते पूर्ण कळलं, आणि तिनं पुढे होऊन त्याचा तो रिकामा हात धरला.

"अहो, चढायचंय का नाही?" कंडक्टर ओरडला.

"काय म्हणतेय गं ती पोरगी?" आजींनी सुनेला विचारलं. आजींना ऐकू कमी येत होतं. सून त्यांच्या कानाशी वाकली, आणि साऱ्या स्टँडला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "ती विचारत होती, तो परत येईल का! तो म्हणतोय, येणार, आणि हिच्याशी लग्न करणार!"

"हो का? मग चाललाय कशाला?" आजी म्हणाल्या, आणि सगळी रांग हसली.

दुभाष्यानं घाबरून टपालकडे पाहिलं. निरोपात एक शब्द कमी-जास्त झालेला त्याला खपत नसे. आणि इथे तर अख्खं लग्न जास्तीचं झालं होतं. तो वाट बघत राहिला, ही आता काय म्हणते त्याची. टपालनं तोंड उघडलं. आजी, सून, कंडक्टर, सगळे तिच्याकडे बघत होते.

"रविवारी येणार आहेत," ती आजींना मोठ्यानं म्हणाली. बाकीचं वाक्य तिनं दुरुस्त केलं नाही.